नाताळ आला, पण मन येईना

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरभर मी माळ्यावरून नाताळचा तारा खाली काढलाच नाही. आई नोव्हेंबरमध्ये गेली होती. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी चर्चमधली उपासना सुटल्यावर पायऱ्यांवर एका बाईंनी विचारलं, "सलाम ताई, झाली का नाताळची तयारी?" मी म्हटलं, "झालीच म्हणायची." घरात करंजीसाठी रवासुद्धा आणलेला नव्हता.

त्या एका महिन्यात मी बऱ्याच गोष्टी चुकीच्या क्रमाने केल्या. पुढच्या दोन वर्षांत त्यातल्या काही सुधारल्या. मी पाळक (पास्टर) नाही, डॉक्टरही नाही, शाळेत शिकवते. पण आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, डिसेंबर आला की मन बसणारी मी एकटी नाही, हे आता मला माहीत आहे, म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे. कुठल्याही पायरीपासून सुरुवात केलीत तरी चालेल. जीव नकोसा वाटत असेल तर मात्र आधी "डॉक्टरांकडे कधी" हा भाग वाचा, बाकीचं नंतर.

आधी ओळखा: हे नेमकं काय आहे?

"मन लागत नाही" हे आपलं एक वाक्य चार वेगळ्या दुखण्यांसाठी चालतं. वर्षाअखेरीचा निव्वळ थकवा असतो. कुणी गेल्याचं दुःख असतं. मुलं परदेशी, नवरा फिरतीवर, आपण शहरात भाड्याच्या खोलीत, असा एकटेपणा असतो. आणि खरंखुरं नैराश्य असतं, तो आजार आहे. चारही एकदम असू शकतात, पण उपाय एकच नाही.

एक आठवडा रोज रात्री वहीत चार ओळी लिहा: किती तास झोप झाली, जेवण गेलं का, दिवसात एखादी गोष्ट थोडी तरी बरी वाटली का, आणि मनात आलेला सगळ्यात वाईट विचार कोणता. थकवा असेल तर दोन दिवस नीट झोपल्यावर तिसरी ओळ भरायला लागते. शोक लाटांसारखा येतो. नातवंड मांडीवर बसलं की आपण हसतो, आणि तासाभराने आईचं पोळपाट दिसलं की रडतो. नैराश्यात लाटा कमी आणि सपाट करडेपणा जास्त. आवडीचं काहीही आवडत नाही, आपण निरुपयोगी आहोत असं वाटतं, पहाटे तीन-चारला जाग येते, कामात लक्ष राहत नाही. असं जवळजवळ रोज, दोन आठवडे चाललं असेल तर "सण संपला की बरं वाटेल" म्हणून थांबू नका.

थंडीचं म्हणाल, तर पुण्या-मुंबईत डिसेंबरातही अकरा तास दिवस असतो, त्यामुळे आपल्याकडे उन्हाच्या अभावाला फार दोष देता येणार नाही. लंडनमध्ये किंवा टोरांटोत राहणाऱ्या आपल्या माणसांची गोष्ट वेगळी. लंडनला डिसेंबरच्या मध्यावर दिवस आठ तासांचाही नसतो. दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात मन खाली जाऊन मार्च-एप्रिलला वर येत असेल तर तिथल्या डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. त्यासाठी सकाळी वापरायचे खास तेजस्वी दिवेसुद्धा असतात, पण ते डॉक्टरांना विचारून घ्यावेत.

"माझा विश्वास कमी पडला का?"

हा प्रश्न हिंदू शेजारणीला दिवाळीत पडत नाही. आपल्याला पडतो, कारण आपल्याकडे आनंद ही जणू आज्ञाच झालेली असते. दूताने मोठ्या आनंदाची सुवार्ता सांगितली, मग तू तोंड पाडून का बसलीस?

मी त्या वर्षी बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय पुन्हा वाचला. नाताळच्या नाटिकेत आपण मागी लोकांना, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी माणसांना, उंटावरून आणतो, सोनं-ऊद-गंधरस ठेवतो आणि पडदा पाडतो. शास्त्रातला (बायबलमधला) अध्याय तिथे संपत नाही. पुढे हेरोद राजा बेथलेहेमातली लहान मुलं मारतो, आणि राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे, तिला सांत्वन नको आहे, असं मत्तय लिहितो. लूकाच्या शुभवर्तमानात मंदिरातला म्हातारा शिमोन तान्ह्या बाळाला हातात घेऊन आशीर्वाद देतो आणि त्याच दमात मरीयेला सांगतो की तुझ्या जिवातून तलवार जाईल. म्हणजे नाताळच्या मूळ गोष्टीतच रडणाऱ्या आया आहेत. त्यांना आपण कार्यक्रमपत्रिकेतून गाळलं.

हे सगळं मनात साठवायला वेळ लागतो, आणि नैराश्यात वचनंही कोरडी वाटतात. म्हणून या पायरीवर एवढंच करा: विश्वासाचा हिशेब डिसेंबरात मांडू नका. तापात वजन करून आहार ठरवत नाहीत. जानेवारीच्या शेवटी हवं तर बसा पाळकांसमोर.

मग शरीर. होय, प्रार्थनेच्याही आधी

बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात, एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणतो. एवढा मोठा संदेष्टा, नुकताच कर्मेल डोंगरावर जिंकून आलेला. देव त्याला प्रवचन देत नाही. तो झोपतो. दूत त्याला उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. तो खातो आणि परत झोपतो. दूत परत उठवतो, परत खायला घालतो, आणि म्हणतो की वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे. देवाशी बोलणं पुढे, चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर.

आपला डिसेंबर याच्या बरोबर उलटा. नाताळची गाणी म्हणत घरोघरी फिरणारी कॅरल पार्टी रात्री एक-दीडला दारात येते, चोवीसच्या मध्यरात्री उपासना किंवा मिस्सा, पंचवीसला पहाटेपासून पाहुणे, एकतीसला पुन्हा मध्यरात्र. ज्याचं मन आधीच डळमळीत आहे त्याला तुटलेली झोप फार महागात पडते. म्हणून:

झोपायची नाही तरी उठायची वेळ एकच ठेवा. चोवीसला जागायचं असेल तर दुपारी तासभर पडा आणि पंचवीसची संध्याकाळ मोकळी सोडा. कॅरल पार्टीवाल्या तरुण संघाला आधीच निरोप द्या: "आमच्याकडे नऊच्या आत आलात तर या, नाहीतर पुढच्या वर्षी." मुलं समजून घेतात, मी अनुभवाने सांगते. त्यांनाही एक घर लवकर उरकलं की बरंच वाटतं.

सकाळी वीस मिनिटं उन्हात चाला. पटलं नाही तरी चाला. एक वेळचं गरम जेवण बसून जेवा. फराळाच्या डब्यावर दिवस काढणं म्हणजे जेवण नाही, आणि साखर-मैद्यावर राहून दुपारी चारला जो खड्डा पडतो तो मी आध्यात्मिक समजत होते.

दारूचं स्पष्ट बोलते, कारण आपल्या समाजात त्याबद्दल एक तर कडक उपदेश होतो नाहीतर डोळेझाक. घरची वाईन असो की बाहेरची बाटली, दारू घेतल्यावर तासभर बरं वाटतं, पण झोप उथळ होते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जातं. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. "एक घोट घे, सणाचं नाही म्हणू नये" असा आग्रह करणारा मामा प्रत्येक घरात असतो. हातात सरबताचा पेला आधीच धरून ठेवला की तो पुढच्या माणसाकडे वळतो.

सण आपल्या मापाचा करा

आता खरं काम. नाताळाआधीच्या आगमन काळाचे चार रविवार असतात. पहिल्या रविवारीच, आणि तो निघून गेला असेल तर आज, एका कागदावर या वर्षी तुमच्याकडून अपेक्षित असलेली प्रत्येक गोष्ट लिहा. माझी यादी तेव्हा अशी होती: फराळ, घराची रंगरंगोटी नाही तरी पडदे धुणं, संडे स्कूलची नाटिका, स्त्री मंडळाचा कार्यक्रम, नवे कपडे, मंडळीची वर्गणी, भावाकडचं जेवण, ताटं.

ताटं हे फक्त आपल्या लोकांना कळेल. दिवाळीत शेजारच्या घरांमधून चकली-लाडवाची ताटं आलेली असतात. नाताळात ती परत करायची असतात, रिकामी नाहीत, आणि त्यांच्या तोडीची. आमच्या इमारतीत चौदा घरं. आई असताना आम्ही दोघी तीन रात्री करंज्या लाटायचो. एकटीने चौदा ताटं भरायची या विचारानेच मी डिसेंबरभर धसका घेतला होता.

प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक खूण करा: करीन, दुसऱ्याला देईन, या वर्षी नाही. "करीन"च्या पुढे तीनांहून जास्त गोष्टी येऊ देऊ नका. आणि "या वर्षी नाही" हे ज्याच्याशी संबंधित आहे त्याला डिसेंबरच्या सुरुवातीलाच सांगा. वीस तारखेला सांगितलं की राग येतो, पहिल्या आठवड्यात सांगितलं की सोय होते. दुसऱ्या वर्षी नाटिका मी दुसऱ्या शिक्षिकेला दिली. फराळ बचत गटाकडून दोन किलो आणला, आणि चौदा ताटांऐवजी चौदा कागदी पिशव्यांत केकचा एकेक तुकडा. एकाही शेजारणीने करंजी कुठे म्हणून विचारलं नाही. एकीने उलट मला डब्यातून पिठलं-भाकरी आणून दिली, आणि त्या दिवसाचं तेच माझं जेवण.

सगळंच रद्द करून खोलीचं दार लावून बसण्याचा मोह होईल. तो मी पहिल्या वर्षी पुरा केला आणि पस्तावले. पंचवीसची ती दुपार मला अजून आठवते, बाहेर सगळीकडे गाणी आणि मी भिंतीकडे तोंड करून. नैराश्याला रिकामा दिवस फार आवडतो. म्हणून सण कापा, पण एक-दोन गोष्टी ठरलेल्या वेळेच्या ठेवाच, मन असो नसो.

पैशांचंही याच कागदावर होऊ द्या. कर्ज काढून कपडे घेतले की जानेवारीतल्या हप्त्यांची चिंता डिसेंबरातच सुरू होते. आकडा आधी लिहा, बाजारात नंतर जा.

माणसांशी काय बोलायचं

तयार वाक्यं जवळ ठेवा, कारण आयत्या वेळी घसा दाटतो.

तयारी विचारणाऱ्यांसाठी: "या वर्षी साधंच करतेय." एवढं पुरतं, कारण सांगायची गरज नाही.

"प्रार्थना कर, सगळं ठीक होईल" म्हणणाऱ्यांसाठी: "तुम्हीच करा ना माझ्यासाठी, मला सध्या शब्द सुचत नाहीत." यात वाद नाही, आणि मागणी खरी आहे.

"मृत माणूस प्रभूजवळ आहे, मग रडायचं कशाला" म्हणणाऱ्यांसाठी माझ्याकडे योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय आहे. मेलेल्या लाजराला आपण उठवणार आहोत हे येशूला ठाऊक होतं, तरी कबरेकडे जाताना तो रडला. हे मात्र सगळ्यांना सांगत बसू नका, स्वतःसाठी ठेवा. काही माणसं वाद घालायलाच आलेली असतात.

आणि एक माणूस असा निवडा ज्याला खरं सांगायचं. फार जवळचाच हवा असं नाही, बोलकाही नको. "डिसेंबर मला जड जातो. दर दोन दिवसांनी मला फोन कर, मी उचलला नाही तर घरी ये," असं नेमकं मागा. "माझ्याकडे लक्ष ठेव" एवढ्या मोघम बोलण्याने काही होत नाही.

पाळकांना, फादरना किंवा एखाद्या सिस्टरना सांगायचं असेल तर उपासनेनंतरच्या गर्दीत नको. आठवड्यातली वेळ मागा आणि सुरुवातीलाच सांगा की मला सल्ला नको, थोडं ऐकून घ्या. डिसेंबरात ते स्वतःही दमलेले असतात, त्यामुळे उत्तर तुटक आलं तर मनाला लावून घेऊ नका. ज्या धर्मसेवकाने मला "घरात काही पाप लपलंय का ते तपास" असं सांगितलं, त्याच्याकडे मात्र मी परत गेले नाही. तुम्हीही जाऊ नका.

चर्चमध्ये कसं टिकायचं

सगळ्या उपासनांना जायलाच हवं असं नाही. एक निवडा. चोवीसच्या गर्दीपेक्षा पंचवीसची सकाळ किंवा त्यानंतरचा साधा रविवार बऱ्याच जणांना सोपा जातो. मागच्या बाकावर, दाराजवळ, कडेला बसा. बाहेर जाता येतं हे माहीत असलं की बहुतेक वेळा जावं लागत नाही. गाण्याला आवाज फुटला नाही तर उभं राहून नुसतं ऐका. सोबतीला असा कुणी न्या जो "चल" म्हटल्यावर कारण विचारणार नाही.

पाश्चात्त्य देशांत बऱ्याच मंडळ्या वर्षातल्या सर्वांत लांब रात्रीच्या आसपास, 21 डिसेंबरला, दुःखात असलेल्यांसाठी वेगळी शांत उपासना घेतात. मेणबत्त्या, स्तोत्रं, भरपूर शांतता, प्रवचन जवळजवळ नाही. आपल्या मंडळीत हे सुरू करायला पैसे लागत नाहीत. स्त्री मंडळातल्या चार जणींनी बुधवारच्या प्रार्थना सभेची एक तारीख मागून घेतली तरी होतं. आम्ही गेल्या वर्षी अकरा जण होतो.

प्रार्थना होत नसेल तेव्हा

स्तोत्रसंहितेतलं 88वं स्तोत्र उघडा. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी वळण घेऊन स्तुतीकडे जातात. हे जात नाही. ते अंधारातच संपतं, आणि तरीही ते शास्त्रात आहे, म्हणजे ही प्रार्थना म्हणून धरलेली आहे. मोठ्याने एकदा वाचा आणि पुस्तक मिटा. तेवढी प्रार्थना झाली. ज्यांना 88वं सोसवत नाही त्यांनी 42वं घ्यावं, त्यात माणूस स्वतःच्याच जिवाला विचारतो की तू का खिन्न झालास.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मंडळीत नेहमी दिलं जातं. दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये पती, आणि 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. पुढच्याच वर्षी, एप्रिल 1922 मध्ये रमाबाई केडगावला वारल्या, शेवटपर्यंत शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम करत. हे उदाहरण आपण "बघा, त्या खचल्या नाहीत" असं सांगतो. मनोरमेनंतरचे ते नऊ महिने त्यांनी रात्री कसे काढले, हे आपल्यातल्या कुणी पाहिलेलं नाही. दुसऱ्याच्या धीराची छडी करून कुणाला मारू नये, स्वतःला तर नाहीच.

रिकामी खुर्ची

घरात कुणी गेल्यानंतरचा पहिला नाताळ असेल तर त्या माणसाचं नाव टाळू नका. टाळल्याने सगळेच दिवसभर चवड्यांवर चालतात. ठरवून एक वेळ काढा: चोवीसला दुपारी कबरस्तानात फुलं, किंवा पंचवीसच्या जेवणाआधी एक मेणबत्ती आणि घरातल्या प्रत्येकाने एक आठवण. दहा मिनिटं. मग जेवा. मुलांना यात घ्या, ती आपल्याहून नीट रडतात आणि लगेच केक मागतात. गेलेल्या माणसाच्या हातचा पदार्थ या वर्षी करायचा की नाही हे सगळ्यांना विचारून ठरवा. आमच्याकडे आईचे अनारसे दोन वर्षं झाले नाहीत. तिसऱ्या वर्षी भाचीने केले, तेलात विरघळले, आणि आम्ही खूप हसलो.

डॉक्टरांकडे कधी

वर सांगितलेली दोन आठवड्यांची खूण जुळली तर फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात करा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 तपासून घ्या, यांच्या गडबडीनेही मन खचतं. गरज पडली तर ते मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. सिव्हिल हॉस्पिटलमध्येही मानसोपचार विभागात दाखवता येतं. गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, म्हणून चौथ्या दिवशी "उपयोग नाही" म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून किंवा कुणी "आता विश्वासाने बंद कर" म्हटलं म्हणून एकदम तर कधीच थांबवू नका.

गोळी घेणं म्हणजे अविश्वास, हे आपल्या लोकांनी म्हणावं याचं मला आश्चर्य वाटतं. आपल्या घराघरांत एखादी मावशी नर्स. मिरजेचं डॉ. वॉन्लेसांचं रुग्णालय 1894 पासून उभं आहे, तेही मिशननेच उभारलेलं. पौल आपल्या पत्रात लूकाला प्रिय वैद्य म्हणतो. मधुमेहाची गोळी घेऊन चर्चला जाणारा माणूस मनाच्या गोळीला का लाजतो?

मरणाचे विचार येत असतील, "मी नसले तर बरं" असं वाटत असेल, तर आजच टेली-मानसला 14416 वर फोन करा. सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. एकटं राहू नका, त्या निवडलेल्या माणसाला बोलवा. घरातल्या गोळ्यांचा साठा, कीटकनाशक दुसऱ्याच्या ताब्यात द्या. जिवाला लगेच धोका असेल तर 112, किंवा सरळ जवळचं रुग्णालय.

घरातलं दुसरं कुणी अशा अवस्थेत असेल तर थेट विचारा: "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. मग ऐका. शास्त्रातल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. बोलायला लागले आणि बिघडलं.

सव्वीस तारखेनंतर

याची तयारी कुणीच करत नाही. पाहुणे जातात, भांडी उरतात, आणि ज्यांनी महिनाभर कसंबसं धरून ठेवलं होतं ते आता कोसळतात. सव्वीस किंवा सत्तावीसला एक ठरलेली भेट ठेवा, चहापुरती का होईना. फोनवरचे इतरांचे सजवलेले फोटो तीन दिवस बघू नका. एकतीसच्या उपासनेत वर्षभराच्या आशीर्वादांची साक्ष द्यायला उभं राहण्याची सक्ती नाही. नाव पुकारलं तर "पुढच्या वेळी" म्हणून बसून घ्या.

आणि तारा लगेच उतरवू नका. जुन्या रिवाजाने सण 6 जानेवारीपर्यंत, प्रकटीकरणाच्या दिवसापर्यंत चालतो. पंचवीसला जमलं नाही ते तीन किंवा चार जानेवारीला करता येतं, तेव्हा गर्दीही नसते आणि कुणी तयारी विचारत नाही. मी त्या पहिल्या वर्षी तारा 2 जानेवारीला लावला, संध्याकाळी, चार दिवसांसाठी. समोरच्या गॅलरीतल्या आजोबांनी हाक मारून सांगितलं की तुमची एक वायर सैल आहे, उजवीकडचा कोपरा लागत नाही.